थंडीतली मुंबई : स्टॉल लावा, समुद्रही बघा

तव्यावर भाकरी असेल तर ती उलटून घ्या आणि रेडिओ जरा मोठा करा.

दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यात अर्धं गाव रिकामं होतं. कोयते निघतात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात, आणि माणसं घरी येतात ती उन्हं तापायला लागल्यावर. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि बचत गटाच्या जोरावर ज्यांनी कोयता खाली ठेवला त्या बाया. त्यातल्याच काही जणी आता हिवाळ्यात वेगळ्या प्रवासाला निघतात. कारळाची चटणी, जवसाची चटणी, शेवया, पापड, बाजरीचं पीठ बांधून मुंबईला. ‘उमेद’ अभियानाचं ‘महालक्ष्मी सरस’ प्रदर्शन मुंबईत बहुतेक वर्षी थंडीच्या दिवसांतच भरतं. त्याशिवाय लहानमोठी इतर प्रदर्शनंही याच दिवसांत असतात.

जायच्या आधी बैठक होते, तेव्हा आम्हाला तेच तेच प्रश्न येतात. तिकडं थंडी किती? स्वेटर न्यायचं का? गोधड्या विकायला न्यायच्या का? आणि बैठक संपली, सतरंजी गुंडाळली, की चपला घालता घालता हळूच एक प्रश्न येतो, “ताई, समुद्र बघायला मिळंल का?”

हा प्रश्न बैठकीत उघड का विचारला जात नाही? कारण आपण मनाशी धरून बसलोय की गटाच्या कामाला गेलेल्या बाईनं इकडंतिकडं बघायचं नसतं. गडीमाणूस तालुक्याला बियाणं आणायला गेला, तर चहा पितो, चार ठिकाणी उभा राहतो, दिवेलागणीला घरी येतो. त्याला कोणी हिशेब विचारत नाही. बाई मात्र चारशे किलोमीटर जाऊन फक्त स्टॉलची ताडपत्री बघून परत येते. आम्हाला हे पटत नाही. म्हणून आज थंडीच्या आणि समुद्राच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देतो.

आधी थंडीचं. नकाशा घेतला तर बीड आणि मुंबई जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर आहेत. दोन्ही विषुववृत्तापासून साधारण १९ अंश उत्तरेला. म्हणजे सूर्य दोन्ही गावांवर सारखाच तिरपा येतो. तरी जानेवारीच्या पहाटे आपल्याकडं पारा बारा अंशांच्या आसपास, थंडीची लाट आली तर दहाच्याही खाली, आणि मुंबईत मात्र सतरा ते एकोणीस. दुपारी तिकडं तीस अंशांचं ऊन असतं. असं का?

एक कारण उंचीचं. बीड समुद्रापेक्षा सुमारे पाचशे मीटर उंच आहे, बालाघाटावरची गावं त्याहून वर. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण सहा-साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे आपल्या वाट्याला तीनेक अंशांचा गारवा उंचीनेच आला. उरलेली सगळी करणी समुद्राची.

चुलीवरून तवा उतरवून ठेवा आणि शेजारी कढत पाण्याचा हंडा ठेवा. थोड्या वेळानं तव्याला हात लावता येतो, हंड्याला नाही. माती तव्यासारखी आहे. लवकर तापते, लवकर निवते. पाणी हंड्यासारखं. तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा पाण्याला तापायला चार-पाच पट उष्णता लागते, आणि ती सोडायलाही ते तेवढाच वेळ घेतं. मुंबईच्या दाराशी असा केवढा हंडा आहे बघा, उन्हाळ्यात तापून ठेवलेला. तो सगळा हिवाळाभर हळूहळू ऊब देत राहतो. शिवाय तिकडच्या हवेत ओल असते. ती रात्री जमिनीची ऊब वर उडून जाऊ देत नाही, पांघरुणासारखी धरून ठेवते. आपली हवा कोरडी. आपल्याकडं दिवसभराची ऊब रात्रीत मोकळ्या आभाळाला जाते आणि पहाटे आपण शेकोटीभोवती.

समुद्राचं हे काम किती मोठं आहे ते एका जुन्या दिवसावरून कळतं. २२ जानेवारी १९६२ ला मुंबईत नोंदलेली सगळ्यात कडक थंडी पडली होती. सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर आला, पण त्याच दिवशी कुलाब्याला ११.७. शहर एकच, दिवस एकच. पण कुलाबा हे समुद्रात शिरलेलं जमिनीचं टोक आहे, आणि सांताक्रूझ थोडं आत. एवढ्याशा अंतरात चार अंशांचा फरक.

यावरून सामान ठरवा. जाड स्वेटर, ब्लँकेट घरी ठेवा. एक शाल मात्र हाताशी हवी, ती मुंबईसाठी नाही, एसटीसाठी. रात्रीच्या गाडीत अहिल्यानगरच्या अलीकडं-पलीकडं जो वारा खिडकीच्या फटीतून येतो त्यासाठी. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मं तिकीट आहे, हे आता सगळ्यांना माहीत आहे. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत रेल्वेही आली, अहिल्यानगरकडून. तरी मुंबईला जायला आपल्याला लालपरीच सोयीची. तिकडं पोहोचल्यावर अठरा अंशांत स्वेटर आणि कानटोपी घातलेली माणसं दिसली तर हसू नका. त्यांची थंडी तेवढीच असते बिचाऱ्यांची, ते ती हौसेनं घालवतात.

आणि गोधडीचंही उत्तर यातच आलं. चार-पाच पदरी जाड गोधडी तिकडं कोण घेणार? दोन पदरी, जुन्या सुती लुगड्याची, घडी केली की पिशवीत मावेल अशी न्या. लहान बाळाची दुपटी न्या. ती हातोहात जातात.

एक गोष्ट मात्र जपायची. हिवाळ्यात मुंबईची हवा घाण होते. वारा मंद असतो, धूळ आणि धूर वर उडून न जाता खालीच साचतो. सकाळी जे धुकं दिसतं त्यात बराचसा धूरच असतो. ज्यांना दमा आहे, चुलीच्या धुरानं छाती भरलेली आहे, त्यांनी पहाटे फिरायला जाऊ नये. ऊन चढल्यावर जावं आणि आपलं औषध सोबत ठेवावं. दुपारी उन्हात पदर डोक्यावर घ्या, पाणी पीत राहा. घाम येतो, पण थंडीचे दिवस आहेत म्हणून आपण पाणी प्यायचंच विसरतो.

आता समुद्र. पावसाळ्यात वारा समुद्राकडून जमिनीकडं जोरानं येतो, म्हणून लाटा खवळलेल्या असतात. हिवाळ्यात मोठा वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडं वाहतो. पाणी शांत होतं, आभाळ निरभ्र राहतं. उन्हाळ्यात तिथं चिकचिक आणि पावसाळ्यात धोका. घामाघूम न होता, न भिता, पाण्याजवळ बसून राहावं असा काळ म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी. नेमके आपल्या प्रदर्शनाचे दिवस!

पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. चढतं ती भरती, उतरते ती ओहोटी. दोन्हींत साधारण सहा तासांचं अंतर, आणि ही वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढं सरकते. किनाऱ्यावरची माणसं यासाठी एक हिशेब करतात, तो आपल्याला सहज जमेल, कारण तिथी आपल्या तोंडावर असते. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला. एकादशीला सव्वाआठला. दुपारीही तेव्हाच आणि पहाटेही, बारा-साडेबारा तासांच्या अंतरानं. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक मोजायला लागायचं. हा अंदाज आहे, तासभर मागंपुढं होतं, पण ठिकाणावर जाऊन पाणी चढतंय की उतरतंय एवढं कळायला पुरतो.

यात आमची आवडती तिथी पौर्णिमा. भरती दुपारी बाराच्या सुमाराला होऊन जाते, संध्याकाळी सहाला ओहोटी, त्यामुळं वाळू लांबपर्यंत मोकळी मिळते. समोर सूर्य पाण्यात उतरत असतो आणि त्याच वेळी पाठीमागं इमारतींच्या आडून चंद्र वर येतो. जानेवारीच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सव्वासहाच्या आत मावळतो. आपल्या बीडला तो बारा मिनिटं आधीच गेलेला असतो, कारण आपण पूर्वेला आहोत. म्हणजे घरी फोन केला तर तिकडं दिवे लागलेले, आणि तुमच्यासमोर अजून सूर्य.

पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त जोरानं ओढूनही नेतं. घोट्यापर्यंत पाय भिजवा, त्यापुढं नाही. साडी ओली झाली की जड होते आणि पाय अडकतो. अंधार पडल्यावर पाण्यात जायचंच नाही. मरीन ड्राइव्हला कठड्यावर बसायचं, खाली ते काँक्रीटचे तिकोनी दगड आहेत त्यांवर उतरायचं नाही, ते निसरडे असतात.

कुठं जायचं? प्रदर्शन वांद्र्याकडं असेल तर सकाळसाठी वांद्र्याचाच किनारा जवळ, बँडस्टँड किंवा कार्टर रोड. तिथं वाळू कमी, खडक जास्त, पण चालायला रस्ता चांगला. पोट कमी करायला झपझप चालणारी माणसं बघून आमच्या बाया चकित होतात. चालायचं, पण कुठंच पोहोचायचं नाही!

संध्याकाळ मोकळी मिळाली तर गिरगाव चौपाटी. वांद्र्याहून चर्चगेटकडं जाणारी धीमी लोकल, बायकांचा डबा, चर्नी रोडला उतरायचं. साडेचारच्या सुमाराला त्या बाजूला जाणारी गाडी मोकळी असते, कारण तेव्हा सगळं शहर उलट्या दिशेनं घरी निघालेलं असतं. येताना तीच गर्दी आपल्या वाट्याला येते. त्यावर उपाय आहे. सूर्य मावळला की चर्नी रोडला परत न जाता मरीन ड्राइव्हनं पाण्याच्या कडेकडेनं चर्चगेटपर्यंत चालत जा. अर्धा-पाऊण तास लागतो. शेतातल्या चालण्यापुढं ते काहीच नाही. दिवे लागलेले, खारा वारा, आणि चर्चगेटला गाडी सुटतेच तिथून, त्यामुळं बसायला जागा मिळते. लोकल, चहा, भेळ सगळं धरून शंभर-सव्वाशेच्या वर खर्च जात नाही. कठडा फुकट, वारा फुकट. मुंबईत पैशाशिवाय मिळणारं जे थोडंबहुत आहे ते नेमकं तिथलं सगळ्यात चांगलं आहे, असं आमचं मत.

आमच्या एका गटातल्या ताईंनी चौदा हंगाम ऊस तोडलेला. त्यांना आम्ही चौपाटीवर नेलं तेव्हा बाकीच्या जणी पाण्यात खिदळत होत्या आणि ह्या वाळूत पदर सावरून नुसत्या बसल्या. आम्हाला वाटलं, बरं वाटत नसेल. विचारलं तर म्हणाल्या, “ह्या टायमाला आम्ही मोळ्या वाहायचो. गाडी भरायची असायची. थंडीत सूर्य मावळताना बसलेली मी आजच.” मग आम्हीही काही बोललो नाही, शेजारी बसलो.

दादर चौपाटीही आहे. तिथं चैत्यभूमी आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणींना मुंबईचा हिवाळा माहीत आहे तो तिथूनच. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण १९५६ साली ६ डिसेंबरला झालं, दुसऱ्या दिवशी इथं अंत्यसंस्कार झाले, आणि तेव्हापासून मराठवाड्यातून माणसं दरवर्षी येतात. शिवाजी पार्कवर पुस्तकांचे ठेले लागतात, भाकरी बांधून आणलेली माणसं दोन-दोन रात्री राहतात. कुठली लोकल, कुठला दरवाजा, गर्दीत हात कसा धरायचा, हे विचारायचं असेल तर गटातल्या अशा मावशींना विचारा. आमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं.

याच दिवसांत तिकडं पाहुणे पक्षीही असतात. गेटवे ऑफ इंडियाजवळ होडीमागं पांढऱ्या पक्ष्यांचे थवे उडतात, ते कुरव. त्यातले काही लडाख-तिबेटच्या बाजूनं आलेले असतात, तिकडची तळी गोठतात म्हणून. ठाण्याच्या खाडीत आणि शिवडीच्या चिखलात गुलाबी रोहित पक्षी उतरतात, लाखाच्या घरात, कच्छच्या रणाकडून. चिखलातलं शेवाळ आणि बारीक किडे हे त्यांचं खाणं. ठाण्याची खाडी २०१५ पासून त्यांच्यासाठी अभयारण्य आहे, जसं आपल्या पाटोद्याजवळ नायगावला मोरांसाठी आहे. हिवाळ्यात पोटासाठी घर सोडून पाण्याकडं जायचं, ही रीत आपल्या लोकांना काही नवी नाही.

कोळीवाड्यात जायला मिळालं तर जरूर जा. वर्सोव्याला किनाऱ्यावर बांबूच्या चौकटी उभ्या असतात, त्यांना वलांडी म्हणतात. बोंबलाचे जबडे एकमेकांत अडकवून त्या दोऱ्यांवर टांगलेले असतात, वाळवणासाठी. कोरडी हवा आणि कडक ऊन लागतं म्हणून हे काम पावसाळा संपल्यावरच सुरू होतं. आपल्या आठवडी बाजारात जो सुका बोंबील, सुकट मिळते ती अशाच ठिकाणाहून येते. मासे पकडायला पुरुष जातात, पण विक्री आणि पैसा कोळणीच्या हातात. भाव सांगताना ती मान खाली घालत नाही. आमच्या बाया तिथं अर्धा तास उभ्या होत्या. घरी आल्यावर त्या काय शिकल्या हे आम्ही विचारलं नाही, पण दुसऱ्या दिवशी स्टॉलवर “कमी करा ना” म्हणणाऱ्या बाईसाहेबांना एकीनं डोळ्याला डोळा देऊन सांगितलं, “जवस घरचं आहे, भाव हाच.”

आणि हुरडा! मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडच्या गुजराती दुकानांत थंडीत ‘पोंख’ नावाची पाटी दिसते. लांबून वाटतं काहीतरी वेगळं असेल. जवळ जाऊन बघितलं तर कोवळी ज्वारी. सुरतेकडून येते, शेव आणि लिंबू घालून खातात, तिचे वडेही करतात. म्हणजे आपला हुरडाच, पाव-पाव किलोनं मोजून विकलेला. आपण तो शेतात आगटीभोवती बसून पाहुण्यांना फुकट खाऊ घालतो. खाऊन बघा, आणि भावही बघून या. त्यावर गटात बोलायला विषय मिळेल.

काही तारखा ध्यानात ठेवा. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी साधारणपणे मॅरेथॉन असते, पहाटेपासून दुपारपर्यंत दक्षिण मुंबईतले रस्ते बंद राहतात, त्या दिवशी चौपाटीचा बेत नको. जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला फोर्टात काळा घोडा महोत्सव भरतो, १९९९ पासून. चित्रं, नाच, हातकाम, सगळं बघायला तिकीट नाही. तिथल्या हातकामाच्या वस्तूंची मांडणी आणि पिशव्यांची बांधणी बघण्यासारखी असते.

आता शेवटचा आणि भांडणाचा मुद्दा. स्टॉल कोण सांभाळणार? आमच्या प्रभागसंघात यावर दोन बैठका गेल्या. काही जणी म्हणाल्या, विक्रीची वेळ संध्याकाळचीच, तेव्हा फिरायला गेलं तर गटाचं नुकसान. त्यांचं म्हणणं खोटं नाही. शेवटी असं ठरलं. शनिवार-रविवार कोणीही स्टॉल सोडायचा नाही, तेव्हा गिऱ्हाईक जास्त. सोमवार-मंगळवारी गर्दी कमी असते, तेव्हा शेजारच्या दोन-तीन स्टॉलमधली एकेक जण मिळून जायची, उरलेल्या जणी सगळे स्टॉल बघतील. दुसऱ्या दिवशी पाळी उलटी. खर्च जिचा तिनं करायचा, गटाच्या पैशाला हात नाही. पण तो वेळ मात्र कामातलाच धरायचा, कोणी तो सुट्टी म्हणून लिहायचा नाही आणि गावात येऊन कोणी कोणाला टोमणा मारायचा नाही. हा शेवटचा भाग ठरावात लिहून घ्यायला लावला तो आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशींनी. त्या स्वतः कधी मुंबईला गेलेल्या नाहीत.

येताना सुका बोंबील आणणार असाल तर दोन पिशव्यांत घालून तोंड घट्ट बांधा आणि चटणीच्या उरलेल्या पुड्यांपासून लांब ठेवा, नाहीतर एसटीतली माणसं बोलतील आणि चटणी परत विकता येणार नाही. ज्या गटांची नावं या वेळी लागली आहेत त्यांनी कॅलेंडर घ्या, प्रदर्शनाच्या दिवसांतल्या तिथी बघा, पाऊणने गुणा, आणि तुमचा दिवस धरून पुढच्या बैठकीला या. पाळ्या तिथंच लावू.